पेवातलं ऊन

दुष्काळानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास सांगलीतल्या एका व्यापारी इमारतीच्या तळमजल्यावर हळदीच्या पेवात उतरलेला हमाल गुदमरून मेला. इमारतीत फेरबदलाचं काम चालू होतं. तो उतरला तेव्हा पेवाच्या तोंडाशी तिघे होतो: दोर धरणारा त्याचा मेहुणा, कामावरचा ओव्हरसियर आणि मी. ओव्हरसियर माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता.

मी त्या वेळी सांगलीतल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. घर साताऱ्याचं. सांगलीत बहिणीच्या बिऱ्हाडी राहत होतो. भावोजी कराडचे, डिप्लोमा झालेले. इतरांच्या हाताखाली बरीच वर्षं काढल्यावर हे काम त्यांच्याकडे एकट्याकडे आलं होतं. कंत्राटदार कोल्हापूरला असे, आठवड्यातून एकदा येई. बाकी दिवस सगळं भावोजींवर.

इमारत हरिपूर रस्त्याच्या अंगाला होती. एका हळदव्यापाऱ्यानं साठ सालानंतर ती बांधली. त्यानं मुंबईतल्या नव्या इमारती पाहिल्या होत्या, त्यामुळे सांगलीत तोवर कुणी न केलेल्या गोष्टी त्यानं केल्या: काँक्रीटचे खांब, सपाट गच्ची, रस्त्याकडच्या बाजूला वरपासून खालपर्यंत काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या. नक्षी कुठेही नाही. लोक तिला पिंजरा म्हणत. तळमजल्यावर पेढी आणि मागे गोदाम, वरच्या दोन मजल्यांवर अडत्यांचे आणि मोटार-मालवाहतूकवाल्यांचे गाळे. दोन्ही बाजूंना शेजारच्या भिंती चिकटलेल्या. इमारत रुंदीला कमी, लांबीला फार. पुढच्या गाळ्यांत उजेड असे. मधल्या आणि मागच्या गाळ्यांत दिवसाही दिवा लागे, आणि वीज गेली की कारकून फायली घेऊन जिन्यात येऊन बसत.

व्यापारी वारल्यावर मुलांनी इमारत एका पतसंस्थेला विकली. संस्थेला तिथे कार्यालयं करायची होती. वीजकपातीचे दिवस होते. पुण्याहून एक आर्किटेक्ट बोलावला. त्यानं नकाशा पाहिला, इमारत दोनदा वरखाली फिरला आणि सांगितलं की मधोमध चार खांबांमधला स्लॅब प्रत्येक मजल्यावर कापून काढायचा. तुळया ठेवायच्या, फक्त मधली लादी काढायची. गच्चीवरच्या भोकावर जाळीची काच बसवायची. गाळ्यांच्या मधल्या भिंती पाडायच्या. म्हणजे वरून येणारा उजेड सगळ्या मजल्यांवर पसरेल आणि संध्याकाळपर्यंत दिवा लागणार नाही. आमच्या दैनिकानं पहिला मजला भाड्यानं घ्यायचं ठरवलं होतं. म्हणून आणि भावोजींमुळे, दोन्ही कारणांनी मी कामावर अधूनमधून जात असे.

कापाकापी फेब्रुवारीत सुरू झाली. यंत्र नव्हतं. माणसं छिन्नी-हातोड्यानं काँक्रीट फोडत, उघडी पडलेली सळई करवतीनं कापत. खाली पडलेलं डबर बायका पाट्यांनी बाहेर नेत. ही वडार मजूर कुटुंबं कर्नाटकाच्या हद्दीवरून आली होती. ती रात्री तळमजल्यावरच, गोदामाच्या भागात, मुलाबाळांसह झोपत.

एप्रिलच्या अखेरीला सगळे मजले उघडले. गोदामाची फरशी उखडताना मधोमध, बरोबर त्या उजेडाच्या जागेखाली, एक गोल दगड लागला. तो पेवाचा होता. पेव म्हणजे जमिनीत खणलेला रांजणाच्या आकाराचा खड्डा. तोंड अरुंद, माणूस जेमतेम आत जाईल एवढं; पोट मोठं. त्या भागातली माती चिवट आहे, पाणी झिरपू देत नाही. आत पाला आणि पाचट लावून हळद भरतात, वर दगड ठेवून तोंड मातीनं लिंपतात. हळद अशी वर्षानुवर्षं राहते. तिला कीड लागत नाही, कारण आत हवा नसते. व्यापाऱ्यानं इमारत बांधताना आपलं जुनं पेव न बुजवता गोदामात ठेवलं होतं.

आर्किटेक्टचा निरोप आला की खड्डा डबरानं भरून वर काँक्रीट टाका, पण आधी आतला सगळा पालापाचोळा काढा, नाही तर तो कुजून दबेल आणि फरशी खचेल. मजुरांपैकी कुणी उतरायला तयार होईना. म्हणून भावोजींनी हरिपुरातून पेवात काम करणारे दोन हमाल बोलावले. उतरणारा चाळिशीतला होता, अंगानं बारीक, बोलका. दोर धरणारा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. ही तिकडची पद्धत होती: दोर नात्यातल्या माणसाच्याच हातात द्यायचा, शक्यतो मेहुण्याच्या. दोर सुटला तर बहीण विधवा होईल, म्हणून तो सोडणार नाही, असा हिशेब.

सोमवारी संध्याकाळी त्या दोघांनी दगड सरकवला. आत कंदील सोडायची पद्धत होती. पण ताबडतोब नाही. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा निघून जावी म्हणून ते काही तास, शक्यतो रात्रभर, उघडं ठेवायचं. मग दोराला पेटता कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. पेटता राहिला तर उतरायचं. विझला तर थांबायचं. उघडं ठेवायला सांगून ते दोघे घरी गेले.

त्या रात्री जेवताना भावोजी बहिणीला म्हणाले, "तोंड उघडं ठेवा म्हणाले ते. कसं ठेवणार? तिथंच पोरं झोपतात. एखादं रांगत जाऊन पडलं तर? मी पत्रे टाकून वर विटा ठेवायला लावल्या."

बहीण म्हणाली, "बरं केलंत."

मग त्यांनी मला सांगितलं, "उद्या बारा-साडेबाराला ये. ऊन सरळ खाली उतरतं सध्या. एकदा बघ आणि तुमच्या संपादकांना सांग."

सांगलीवर मे महिन्याच्या सुरुवातीला सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत उभ्या काठीला दुपारी सावली पडत नाही. मंगळवारी मी पोचलो तेव्हा गच्चीच्या भोकातून ऊन दोन्ही मजले ओलांडून गोदामात पडलं होतं. धुळीमुळे उन्हाचा चौकोनी खांबच उभा केल्यासारखा दिसत होता. पेवावरचे पत्रे सकाळी काढून भिंतीला लावलेले होते. दोघे हमाल नुकतेच आले होते. पेवाच्या तोंडातून ऊन आत गेलं होतं आणि तळावर तोंडाएवढाच उजेडाचा गोल पडला होता. त्या उजेडानं आतलं सगळं पोट दिसत होतं. काळपट पाचट, कडेला पडलेली एक फाटकी पाटी, दोन-चार वाळकी हळकुंडं.

मेहुणा कंदिलाची काच पुसत होता. उतरणारा तोंडाशी उकिडवा बसून आत बघत होता.

"ठेव तो कंदील," तो म्हणाला.

"का वो दाजी?"

"कशाला पायजे? आज देवच बत्ती धरून वर उभा हाय की."

"पद्धत हाय ती."

"पद्धत अंधारातली. हितं खालचा खडा सुदिक मोजावा. उन्हात कंदील लावलास तर गावात सांगतील, ह्या गड्याला ऊन दिसंना झालंय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काय वो सायेब, तुमी बातमीवालं न्हवं? हेबी छापा, मेव्हणा भित्रा हाय म्हनून."

"माज्या बहिणीला द्या की मग दोर," मेहुणा म्हणाला. "माज्याकडं कशाला दिलाय?"

दोघे हसले. भावोजी वर बघत होते; गच्चीवर काचेची चौकट बसवणाऱ्यांना ते काहीतरी ओरडून सांगत होते. खाली बघून ते म्हणाले, "चला, आटपा. संध्याकाळी डबर टाकायचंय."

त्यानं कमरेला दोर बांधला आणि पाय आत सोडले. त्याच्या अंगानं तोंड बंद झालं, आतला उजेड गेला. तो खाली पोचल्यावर उजेड पुन्हा आला. तळाशी त्यानं दोर सोडला, कारण त्याच दोरानं पाचटाची पाटी वर ओढायची होती. पहिली पाटी त्यानं भरली. मेहुण्यानं ती वर घेतली, रिकामी केली, परत सोडली. दुसरी भरताना तो खाली बसला. दमून बसतो तसा, भिंतीला पाठ लावून.

"दाजी," मेहुण्यानं हाक मारली. "ओ दाजी. झोपताय काय?"

त्याची मान एका बाजूला झुकली. त्याचे पाय उजेडाच्या गोलात होते, बाकीचा सावलीत. आम्हाला सगळं दिसत होतं.

मेहुण्यानं हातातला दोर टाकला आणि उतरायला पाय आत घातले. भावोजींनी त्याला मागून कवेत धरून ओढलं. मीही धरलं. तो भावोजींच्या हाताला चावला. मजूर धावून आले. कुणीतरी कंदील पेटवून सोडला; तो निम्म्यावर पोचायच्या आत विझला. कुणी चादरीनं वारा घालत होतं, कुणी पाणी ओतत होतं. शेवटी शेजारच्या वाड्यातून विहिरीत पडलेल्या घागरी काढायचा गळ आणला. खाली पडलेल्या हमालाच्या धोतरात गळ अडकवून त्याला वर घ्यायला बराच वेळ गेला. वर आला तेव्हा ऊन तोंडावरून सरकलं होतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं छाती तपासली आणि चादर ओढली.

त्या दिवशीची बातमी मीच लिहिली. संपादकांनी एकही शब्द बदलला नाही. त्यात मेला कसा ते होतं; कंदील सोडला नव्हता, हे होतं. का सोडला नाही, हे नव्हतं. ते जबाबानंतर छापायचं, असा नियम होता.

चौथ्या दिवशी त्याची बायको तिच्या भावाला घेऊन आमच्या कचेरीत आली. त्या वेळी आमची कचेरी गणपती पेठेत एका माडीवर होती. तिला बसायला खुर्ची दिली. ती खाली बसली. भाऊ दारात उभा राहिला.

"आवं सायेब," ती म्हणाली, "शेवटाला त्यो काय बोलला?"

मी तिला सांगितलं, जसंच्या तसं.

तिनं भावाकडे बघितलं. "ह्यानंबी त्येच सांगितलं. मला वाटलं ह्यो आपली मान सोडवून घेतोय." मग माझ्याकडे वळली. "त्येवढं सांगू नगा पोलिसात."

"विचारलं तर सांगावं लागेल."

"त्ये संस्थेचं चेरमन म्हणत्यात, इमारतीवाल्यांची चूक निघाली तर मला कामावर घेत्याल. झाडायला, पानी भरायला. त्यो आपल्या मनानं उतरला म्हणून निघालं, तर कशाला घेत्याल मला?"

तिचा भाऊ दारातून म्हणाला, "अन् झाकलं कुणी त्येबी सांगा की मग. आमी उघडं ठेवा म्हणून गेल्तो. दुसऱ्या दिशी आलो तवा उघडंच हुतं. आमाला काय सपान पडलं, रातभर झाकल्यालं हुतं म्हणून? त्या वडार बायांनी सांगितलं तिसऱ्या दिवशी. म्हाईत असतं तर दाजींनी कंदील सोडल्याबिगर पाय घातला असता व्हय आत?"

"तुमाला म्हाईत हुतं?" तिनं मला विचारलं.

"झाकल्याचं माहीत होतं. त्यानं काय होतं ते माहीत नव्हतं."

"मग त्येबी सांगा."

"विचारलं तर सांगेन."

"आन् न्हाई विचारलं तर?"

ती उठली. जिना उतरताना भाऊ तिला म्हणत होता, "आक्का, त्यो त्याचा भावोजी हाय. त्यो काय सांगणार हाय?"

संस्थेच्या चेअरमननी खरोखरच तसं म्हटलं होतं. मी त्यांना विचारून खात्री केली. त्यांचे शब्द असे होते: "चूक आमच्या कामावरच्या माणसाची निघाली तर बाईला वाऱ्यावर सोडणार नाही. जागा आहे एक. पाणी भरायची, झाडायची."

भावोजींनी माझ्याशी त्या आठवड्यात एकदाच या विषयावर बोलणं काढलं. ते म्हणाले, "तू तिथं होतास. त्यानं कंदील नको म्हटलं ते तू ऐकलंस. तेवढंच सांगायचं आहे. खोटं काही नाही."

जबाब सोमवारी झाला. हवालदारानं विचारलं की मयत काय बोलला. तो बोलला ते सगळं मी सांगितलं, मेव्हणा भित्रा हाय हे सुद्धा. ओव्हरसियर काय बोलला, असं विचारल्यावर "चला, आटपा" हेही सांगितलं. आणखी काही? त्यानं पेन खाली ठेवलं होतं. मी सांगितलं की पेव अपघाताच्या आदल्या रात्री पत्र्यांनी झाकलेलं होतं आणि हमालांना ते सांगितलं गेलं नव्हतं, असं मला समजतं.

"झाकताना तुमी बघितलं?"

"नाही. ऐकलं."

"कुणाकडनं?"

"ओव्हरसियरकडून. घरी, जेवताना."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुमचं भावोजी न्हवं ते?"

"हो."

"घरातलं जेवान चौकीवर कशाला आणताय?" तो म्हणाला. पण त्यानं पेन उचललं आणि एक ओळ लिहिली. पोरं पडू नयेत म्हणून झाकलं, हे मी सांगेपर्यंत पेन पुन्हा खाली ठेवलं होतं.

संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत ते भावोजींना कळलं होतं. ते बाहेर गेले होते. बहिणीनं ताट वाढलं, पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला.

"पोरं पडू नयेत म्हणून झाकलं त्यांनी," ती म्हणाली.

"तेही सांगितलं मी."

"लिहिलं त्यानं?"

"ते नाही लिहिलं."

ती चुलीशी माझ्याकडे पाठ करून बसली. "आता जेवताना आम्ही तुझ्यासमोर बोलायचं नाही का?"

पुढच्या महिन्यात मी खणभागात एक खोली घेतली.

पोलिसांच्या चौकशीचा निकाल असा निघाला: अपघाती मृत्यू. मयतानं धंद्यातली नेहमीची खबरदारी स्वतःहून घेतली नाही. रात्री झाकण ठेवल्याचा उल्लेख होता. पण झाकताना पाहणाऱ्या मजूर बायका जबाबाआधीच दुसऱ्या कामावर निघून गेल्या होत्या, तेव्हा ते शाबीत नाही असं त्यात होतं. कंत्राटदारानं मात्र चौकशी वाचून भावोजींना कामावरून काढलं. त्याचं म्हणणं, पोलिसात नाव आलेला माणूस मला नको. भावोजी कराडला गेले, तिथे काही महिने घरी होते, मग विदर्भात कालव्याच्या कामावर लागले. बहीण मुलांना घेऊन साताऱ्याला आईकडे राहिली. भावोजींनी पुढे कधी इमारतीचं काम घेतलं नाही.

पेव भरलं गेलं. पाचट काढायला पुन्हा कुणी उतरलं नाही. डबर तसंच टाकलं, वर काँक्रीट, वर फरशी. गच्चीवर काच बसली. मधल्या भिंती निघाल्या, गाळ्यांचं मोठं दालन झालं. दिवाळीनंतर पतसंस्था आणि आमचं दैनिक, दोन्ही तिथे हलली. आर्किटेक्टचं गणित बरोबर निघालं. मागच्या टेबलावरही प्रुफं दिव्याशिवाय वाचता येत. उन्हाळ्यात वीज जाई तेव्हा शेजारच्या कचेऱ्यांतले कारकून आमच्याकडे फायली घेऊन येत. माझं टेबल मधल्या भोकाच्या कठड्याजवळ होतं. मे महिन्यात दुपारी जेवणाच्या सुमारास खालच्या फरशीवर ऊन पडे. तिथे संस्थेनं सभासदांसाठी बाकडी ठेवली होती. त्या वेळेपुरती माणसं उठून भिंतीकडे सरकत.

बाई चेअरमनकडे दोनदा आली. पहिल्यांदा इमारत सुरू व्हायच्या आधी, दुसऱ्यांदा नंतर. दुसऱ्या वेळी मी तिला जिन्यावर पाहिलं. तिनं मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही. ती गेल्यावर मी चेअरमनना विचारलं.

ते म्हणाले, "बाईला घ्यायला माझी ना नव्हती. पण तुम्हीच ते झाकण्याचं काढलंत. आता घेतलं तर लोक म्हणतील, चूक होती म्हणूनच घेतलं. आणि पोलिसांनी तर तो स्वतःच्या मनानं उतरला असं लिहिलंय. मग कुठल्या नात्यानं घेऊ?"

"जागा रिकामी आहे?"

"नाही," ते म्हणाले. "भरली."

त्या जागेवर त्यांच्या गावचा, पलूसकडचा एक माणूस लागला होता. तो पुढे बरीच वर्षं होता.

ती मार्केट यार्डात हळद निवडायच्या कामाला जात असल्याचं मला एका अडत्यानं सांगितलं. तिच्या भावानं दोर धरायचं काम सोडलं होतं. कुपवाडला एका कारखान्यात तो लागला, असं कुणी म्हणत, तर कुणी म्हणे तो बहिणीला घेऊन मिरजेच्या पलीकडे कर्नाटकात गेला. दोन्हीची खात्री झाली नाही. पुढच्या वर्षी एका रविवारी मी हरिपूरला गेलो आणि तिचं घर विचारून काढलं. दार उघडं होतं. आत दुसरं कुटुंब राहत होतं. त्यांना ती कुठे गेली, हे माहीत नव्हतं.